सासूबाईंची दाढ आणि अर्धा राहिलेला जिना

दातांच्या डॉक्टरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या हातचं इंजेक्शन कळत नाही. आणि दुसरी, जुन्या अमेरिकन नाचगाण्यांच्या सिनेमांबद्दल त्यांना काही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, असं आजवर झालेलं नाही.

"नुसता बुटांचा आवाज ऐकवा, कुठल्या दशकातला सिनेमा ते सांगतो," असं ते पेशंटला सांगत. पेशंटच्या तोंडात त्या वेळी आरसा, नळी आणि कापूस असल्यामुळे यावर कोणी वाद घातला नव्हता.

घरी त्यांचं एक मोठं कपाट होतं. त्याच्या कप्प्यांवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या : तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी, सत्तरी. त्यांची बायको म्हणायची, "लोकांच्या कपाटात कपडे असतात, आमच्या कपाटात वयं आहेत." दवाखान्यात तर त्यांनी खुर्चीच्या बरोबर वर, छताला, एक स्क्रीन टांगला होता. पेशंटने आडवं व्हावं, तोंड उघडावं आणि वर बघावं. खाली दात कोरले जातायत आणि वर चाळीस माणसं एका तालात टोप्या उडवतायत, अशी ती योजना होती. पेशंट खूष होते. निदान तक्रार करण्याच्या अवस्थेत तरी नव्हते.

एकच व्यक्ती या खुर्चीत कधी बसली नव्हती, ती म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सव्वीस वर्षांत त्यांनी जावयासमोर तोंड उघडलं होतं ते फक्त बोलण्यासाठी. जावयाला त्या "डॉक्टर" म्हणत, पण अशा सुरात, की जणू निकाल अजून लागायचाय. स्वतःचे दात त्या एका दुसऱ्याच, फार म्हाताऱ्या डॉक्टरकडे दाखवत. आणि एके दिवशी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. सासूबाईंच्या उजव्या दाढेने दुखायला नेमका तोच आठवडा निवडला.

तीन दिवस त्या डाव्या बाजूने जेवल्या. चौथ्या दिवशी मुलीचा हात धरून दवाखान्यात आल्या आणि खुर्चीत बसल्या. पण आडव्या होईनात.

"माझी एक अट आहे," त्या म्हणाल्या. "वर सिनेमा लावता ना तुम्ही? मग माझा सिनेमा लावायचा."

"कुठला, आई?"

"नाव माहीत असतं तर अट कशाला घातली असती?"

मग त्यांनी सांगितलं. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, होस्टेलला राहायच्या. मैत्रिणीबरोबर चोरून अमेरिकन सिनेमाला गेल्या. पोचायला उशीर झाला, त्यामुळे नाव बघायचं राहिलं. सिनेमात एक उंच माणूस होता, पांढरे बूट घातलेला. वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची, ती याच्यावर रागावून दार लावून बसलेली. हा जिना चढायला लागतो. एकेका पायरीवर नाचतो, थांबतो, गातो, पुढची पायरी. शेवटच्या पायरीला पोचतो, दारावर टकटक करतो आणि मध्यंतर होतं. दिवे लागले तेव्हा बाजूच्या, मघा रिकाम्या असलेल्या खुर्चीत होस्टेलच्या वॉर्डनबाई बसलेल्या.

"कान धरून बाहेर काढलं," सासूबाई म्हणाल्या. "पंचावन्न वर्षं झाली. तिने दार उघडलं की नाही, मला माहीत नाही. तुमच्या सासऱ्यांनी मला मागणी घातली ना, तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच होतं, की त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल."

बायकोला हे नवीन होतं. ती आईकडे बघत राहिली. डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंनी त्यांना त्यांच्या विषयातलं काही विचारलं होतं.

"उंच माणूस, पांढरे बूट, जिना. आई, हे तर माझ्या डाव्या हातचं काम आहे."

डाव्या हातचं काम त्यांना रात्रभर पुरलं. कारण अमेरिकेत त्या काळात जिना नसलेला नाचगाण्याचा सिनेमा काढायला परवानगीच नसावी. तिशीच्या कप्प्यात जिने, चाळिशीच्या कप्प्यात जिने. आणि जो तो माणूस ते नाचतच चढत होता. साधा चालत वर गेलेला एकही माणूस डॉक्टरांना आठवेना.

दाढेच्या मुळांची साफसफाई तीन बैठकांत व्हायची होती. एकेका बैठकीला एकेक दशक लावून बघू, असं ठरलं. सिस्टर म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीस बाई. बावीस वर्षं त्यांच्याकडे होत्या, शिस्तीच्या होत्या. त्यांनी खुणा ठरवून दिल्या.

"आजी, एक बोट वर केलं म्हणजे दुखतंय. दोन बोटं म्हणजे हाच तो सिनेमा. सर, ऐकलंत ना?"

"ऐकलं," डॉक्टर डिस्कची धूळ पुसत म्हणाले.

पहिल्या बैठकीला तिशी. पडद्यावर काळापांढरा जिना आणि त्यावर पिसांचे पंखे घेतलेल्या शंभरेक मुली. सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्या जिन्यावर इतकी गर्दी नव्हती. पण सिनेमा चालूच राहिला आणि नाचणाऱ्यांच्या बुटांच्या टाचा खडखडायला लागल्या. आता, दात कोरायचं यंत्र पायाखालच्या पेडलवर चालतं. डॉक्टरांचा पाय हा त्यांच्या ताब्यातला अवयव नव्हता. यंत्र झुं करून थांबलं, झुंझुं करून थांबलं, मग झुं-झुंझुं-झुं. सासूबाईंनी एक बोट वर केलं, मग मूठ.

"सर, पाय," सिस्टर म्हणाल्या.

घरी गेल्यावर सासूबाई मुलीला म्हणाल्या, "दुखलं नाही गं. पण माझी दाढ आता कुठल्याही कार्यक्रमात जाऊ शकेल."

दुसऱ्या बैठकीला पन्नाशी. सगळे रंग इतके भडक, की सिस्टरांनी दिवा मंद केला. यातला नायक सगळा जिना दोन उड्यांत चढून गेला. सासूबाईंनी कापसातून काहीतरी म्हटलं, ते बहुधा "हा फार घाईत आहे" असं असावं. तोवर ही बातमी बाहेर बाकावर पोचली होती. गाल सुजलेला एक प्लंबर आणि दातांना तारा लावलेल्या एक वकीलबाई आपापला नंबर विसरून दारात येऊन उभे राहिले.

"पायऱ्या लाकडी होत्या का दगडी?" वकीलबाईंनी विचारलं.

"बूट पांढरे, का पांढरे-तपकिरी?" प्लंबर म्हणाला. "माझ्या आजोबांचे तसे होते."

"तुमचे आजोबा सिनेमात होते?"

"नाही, बूट होते."

तिसऱ्या आणि शेवटच्या बैठकीला साठी लावायची ठरली. आता डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. दाढेचं काय, ती भरलीच असती. पण ही डिस्क चुकली, तर सासूबाईंच्या लेखी ते कायमचे नापास होते. त्यांनी साठीच्या कप्प्यातली सर्वांत जाड डबी काढली आणि मनाचा हिय्या करून लावली. सासूबाईंना इंजेक्शन दिलं. उजवा गाल बधिर झाला. सिस्टर हत्यारं उकळायला आतल्या खोलीत गेल्या.

सिनेमा सुरू झाला. एक उंच माणूस रस्त्याने शीळ घालत आला. पायात पांढरे बूट.

सासूबाईंनी दोन बोटं वर केली.

डॉक्टरांना बोटं दिसली. बोटं म्हणजे दुखतंय, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. आणि एक बोट म्हणजे दुखतंय, तर दोन बोटं म्हणजे दुप्पट दुखतंय. "हो हो, आई, लगेच," म्हणत त्यांनी आणखी थोडं इंजेक्शन दिलं.

सासूबाईंनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर केली.

"अजून?" डॉक्टर चपापले. मुळं फारच खोल असावीत. त्यांनी आणखी थोडं दिलं. आता सासूबाईंचा गाल, ओठ, जीभ आणि नाकाची उजवी बाजू यांनी एकदम रजा घेतली.

"हाओओ," त्या म्हणाल्या. म्हणजे, हाच तो.

"हा नको?"

"हाओओ ओओ!"

"अगदीच नको. मलाही वाटलंच होतं. आवाजाने तुम्हाला त्रास होतोय." आणि त्यांनी सिनेमा बंद केला.

तेव्हा, पस्तीस वर्षं शिस्त शिकवलेल्या त्या बाईंनी जावयाचं बोट दातांत धरलं आणि कडकडून चावा घेतला. डावी बाजू पूर्ण शाबूत होती.

डॉक्टर असे ओरडले, की बाकावरचे दोन पेशंट उठून घरी गेले. सिनेमाचा निकाल ऐकायला आजही आलेले प्लंबर आणि वकीलबाई मात्र आत आले. सिस्टर चिमटा हातात घेऊन धावत आल्या. त्यांनी खुर्चीतून वर आलेली ती चार बोटं पाहिली.

"सर, दोन बोटं म्हणजे सिनेमा," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा सापडलाय."

 मग डॉक्टरांनी बोटाला कापूस गुंडाळला, दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं आणि सिनेमा पुन्हा लावला. काम राहिलं बाजूला. सगळे माना वर करून उभे राहिले. आईला न्यायला आलेली बायकोही दारातून आत आली. काय चाललंय हे तिला कोणी सांगितलं नाही, पण वर बघायचं असतं एवढं तिला कळलं.

मध्यंतर जवळ आलं. उंच माणूस जिन्याशी पोचला. सासूबाईंच्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं. ते इंजेक्शनचं नव्हतं. पहिली पायरी. टक. दुसरी पायरी. टक टक.

डॉक्टरांच्या पायाने पुन्हा काम सुरू केलं. पण या वेळी तो यंत्राच्या पेडलवर नव्हता, त्याच्या शेजारच्या पेडलवर होता, खुर्ची उचलायच्या. पडद्यावरचा माणूस एक पायरी चढला, की सासूबाई चार बोटं वर. माणूस दोन पायऱ्या, सासूबाई वीतभर. सगळे वर बघत असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सासूबाईंना तर वाटलं, आपण भारावून गेल्यामुळे पडदा जवळ येतोय. माणूस शेवटच्या पायरीवर पोचला, त्याने टकटक केलं, पडद्यावर मध्यंतराची पाटी आली आणि गेली, दाराची कडी वाजली, आणि नेमकं तेव्हा खुर्चीला जोडलेल्या दिव्याच्या दांड्याने छतावरच्या स्क्रीनला खालून ढुशी दिली.

स्क्रीन एका खिळ्यावर गर्रकन फिरला, त्याचं तोंड भिंतीकडे वळलं, आणि मग दुसरा खिळाही निघाला. प्लंबरने स्क्रीन वरच्या वर झेलला म्हणून सासूबाई वाचल्या. पण स्क्रीनची वायर तुटली होती. सासूबाई छतापासून हातभर अंतरावर आडव्या होत्या आणि काळ्या पडद्याकडे बघत होत्या.

खुर्ची खाली आणली.  सासूबाईंना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांची वही ओढली, लिहिलं आणि डॉक्टरांपुढे धरलं :

*तुमच्याकडे इतकी वर्षं आहे ना हा सिनेमा? सांगा. दार उघडलं का?*

सगळ्यांचे डोळे डॉक्टरांवर. डॉक्टर घसा खाकरले. त्यांनी बोटावरचा कापूस उगाच नीट केला.

"त्याचं असं आहे, आई," ते म्हणाले, "पहिला भाग मला पाठ आहे. अगदी पाठ. पण मध्यंतर जवळ आलं, की... माझा जरा डोळा लागतो."

"जरा?" बायको म्हणाली.

"साठीतले सिनेमे लांब असतात."

"पन्नाशीतल्यांतही झोपतोस तू. आणि तिशीतल्यांत मध्यंतर नसतं, तिथे अंदाजाने झोपतोस."

वकीलबाईंना हसू आवरेना, पण तारांमुळे त्यांना तोंड पूर्ण उघडता आलं नाही. सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. बावीस वर्षं त्या ज्या माणसाला या विषयातला शेवटचा शब्द मानत होत्या, त्याने शेवट एकही पाहिलेला नव्हता.

सासूबाईंनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी हाताने खूण केली. डिस्क. डिस्क शाबूत होती. ती घेऊन सगळे घरी आले. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सासूबाईंनी ती स्वतः लावली, मध्यंतराच्या अलीकडून. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला जावई. चहा उजव्या ओठातून पदरावर सांडत होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. आपण या वेळी जागं राहायचंच, असा डॉक्टरांनी पण केला होता. ताठ बसले होते. दुखरं बोटही मधून मधून दाबून बघत होते.

उंच माणसाने टकटक केलं. मध्यंतराची पाटी आली.

जाग आली तेव्हा टीव्ही बंद होता. खिडकीत संध्याकाळ संपत आली होती आणि कोणीतरी त्यांच्या अंगावर शाल घातली होती. समोरच्या खुर्चीत सासूबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे डॉक्टरांनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. अर्धा चेहरा अजून बधिर होता, तरी ते हसूच होतं हे कळत होतं. जीभ मात्र जागेवर आली होती.

"आई," डॉक्टर डोळे चोळत म्हणाले, "उघडलं का तिने दार?"

सासूबाई उठल्या. पदर झटकला.

"डिस्क माझ्या पर्समध्ये आहे," त्या म्हणाल्या. "मी पंचावन्न वर्षं थांबले, डॉक्टर. तुम्ही माझी दाढ पुरी होईपर्यंत थांबा."