बाल्कनीतल्या बाई

कल्पना करा हं, मुलांनो. उन्हाने तापलेलं बंदर. तिथल्या एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी. आणि त्या बाल्कनीत भर दुपारी उभ्या आहेत एक बाई. अंगात लोकरीचा झगा, डोक्यावर कानटोपी! आल्या डोळ्यांसमोर? आता त्या तिथे अशा का उभ्या होत्या, ते ऐका.

या बाई थंडगार डोंगराळ गावातल्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि बोटीच्या सफरीचं तिकीट काढून मोकळ्या झाल्या. तेही एकटीचं! घरात नुसता हलकल्लोळ. "हिवाळ्यातली सफर, गारठाल," म्हणत वहिनीने बॅग लोकरीच्या कपड्यांनी ठासून भरली. धाकट्या भावाने अट घातली, "ताई, जा बापडी. पण गडबडीचा एक जरी फोन आला, तर तडक येऊन तुला घरी नेईन. बोट गेली खड्ड्यात!"

"बोट पाण्यात जाते रे," बाई म्हणाल्या.

भावाने आणखी एक धडा घोकून घेतला होता. खोलीत शिरलं की दाराला आतून कुलूप, मग साखळी, मग खुर्ची आणि खुर्चीवर बॅग. बोट सुटेपर्यंत बंदरावरच्या लॉजवर उतरलेल्या बाईंनी तो धडा इमानेइतबारे गिरवला. मग घामाने चिंब झालेले एकुलते एक सुती कपडे धुतले, त्यातल्या त्यात पातळ लोकरीचा झगा अंगात घातला, उन्हासाठी म्हणून हाती लागली ती टोपी चढवली आणि कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेल्या. काचेचं दार आधीच उघडं होतं. त्या पाठमोऱ्या असताना मागे 'टक्' झालं. दार आपोआप मिटलं होतं.

बाईंनी ढकललं. ओढलं. खांदा लावला. दार ढिम्म! समोर बंदरात त्यांची पांढरीशुभ्र बोट उभी, आणि तासाभरात तिच्यात चढायचं होतं.

शेजारच्या बाल्कनीत लॉजच्या मॅनेजरची मुलगी कुंड्यांना पाणी घालत होती. "तुम्हाला थंडी वाजतेय?" तिने विचारलं.

"बोलण्याआधी हात वर करावा, बाळ. आणि बाई 'बोल' म्हणाल्या की मगच बोलावं," बाई सवयीने म्हणाल्या. "जा, बाबांना बोलावून आण."

मॅनेजर खाली अंगणात येऊन उभा राहिला. "दाराला आतून कडी पडलीय!" बाईंनी वर्गात सांगावं तसं ठणकावून सांगितलं. बाईच म्हणतायत म्हटल्यावर शंका घेण्याची त्याची काय बिशाद! तो किल्ली घेऊन वर धावला. साखळी, खुर्ची, बॅग. खोलीचं दार बोटभर उघडून अडलं.

"बाई, तेवढी साखळी काढा ना!" तो फटीतून ओरडला.

"मी आत असते, तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" बाई बाहेरून ओरडल्या.

मग शिडी आली. ती पहिल्या मजल्याशीच संपली. नळवाला हातोडा घेऊन आला. "काच फोडू का?"

"खबरदार!"

"मग घरचा नंबर द्या," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "कुणाला तरी कळवलं पाहिजे."

घरी फोन गेला, की भाऊ तडक हजर! तेवढ्यात बोटीने भोंगा दिला. बाईंनी हताशपणे मान वळवली, तर शेजारच्या बाल्कनीत ती मुलगी एक हात वर करून उभी. हात दुखायला लागला म्हणून दुसऱ्या हाताने त्याला टेकू दिलेला.

"हां, बोल."

"बाई, ते दार बाजूला सरकवायचं असतं."

बाईंनी दोन बोटांनी सरकवलं. दार लोण्यासारखं उघडलं.

"अगं, मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

"मी केव्हाचा हात वर केलाय. तुम्ही 'बोल' म्हणालाच नाहीत!"

बाई आधी कानटोपीपर्यंत लाल झाल्या, मग खो खो हसत सुटल्या.

ओलेच कपडे घालून, बॅग उचलून त्या खाली आल्या, तोच फोन वाजला. भाऊ! "ताई, सगळं ठीक ना? काही गडबड?"

"छे रे! गडबड कसली?"

शेजारी उभ्या मुलीने झटकन हात वर केला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने बाईंकडे पाहिलं. मग तिने हळूच हात खाली घेतला आणि न सांगताच केली हाताची घडी, तोंडावर बोट!