नाइट क्लबचा गळका पत्रा

कडी वाजली.

दोन्ही पोरं एकाच वेळी निजणं हा ललिताच्या घरात ग्रहणासारखा प्रकार होता. कधीतरी लागायचं आणि बघता बघता सुटायचं. ती नुकती कुठे भिंतीला पाठ टेकून बसली होती. आठ महिन्यांचा धर्मपाल मूठ तोंडात घालून झोपला होता. कडीसरशी त्यानं एक डोळा उघडला.

दारात नवरा उभा. भर दुपारी, कचेरी सोडून. श्रावण कारकून माणूस. वेळेआधी घरी आला तर त्याला ताप असे, नाहीतर त्याच्याकडे बातमी असे. आज कपाळ थंड होतं.

"तुह्यं नाव बोर्डावर लागते," तो म्हणाला. "खुशालराव गुरुजीनं शब्द देला."

"कायच्या बोर्डावर?"

"आपल्या नाइट क्लबच्या."

तेरा वर्षांपूर्वी, त्रेपन्न साली, अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागं वस्तीतल्या तरण्या पोरांनी टिनाचं एक पडकं शेड ताब्यात घेतलं होतं. साहेबलोकांच्या क्लबात त्यांना पायरीवरही उभं करत नसत, म्हणून त्यांनी आपला क्लब काढला. पाळी सुटल्यावर रात्रीच उघडायचा, म्हणून चुन्यानं पाटी रंगवली, 'नाइट क्लब'. आत एक कंदील, एक ढोलकी, सरकीच्या पोत्यांची बैठक आणि रोज जलसा. दारात ढोलकीवाला डोमाजी विचारायचा, "कोण?" नाव सांगायचं नाही, जात सांगायची नाही. "माणूस" म्हटलं की आत. या पोरांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, पाटलापुढं वाकायचं सोडलं, वर केसही वाढवले. गावाच्या मते पोट्टी वाया गेली होती.

क्लबचा एक नियम मोठा अभिमानाचा होता. आपली बाई पुन्हा कोणापुढं नाचणार नाही, स्टेजवर उभी राहणार नाही. त्यामुळे जलशातली बाई श्रावण व्हायचा. लुगड्यात तो दिसायचा फक्कड, पण तोंड उघडलं की कोरड्या विहिरीवरचा रहाट. मग पोत्यांच्या पडद्यामागं चौदा वर्षांच्या ललिताला बसवलं. ती गायची, श्रावण ओठ हलवायचा. मागून गायला नियमाची हरकत नव्हती. पुढं त्यानं तिच्याशीच लग्न केलं. हे गुपित ठाऊक असलेले चार-पाच जण म्हणत, श्रावणनं गळा घरी नेला. घरी नेलेल्या गळ्यातून नंतर फक्त अंगाई निघाली.

आता त्याच पोरांतल्या, पुढं शाळेत मास्तर झालेल्या खुशालराव गुरुजींनी क्लबचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. भिंतीवर फोटो टांगून नव्हे. शाळेच्या पटांगणात अख्खं शेड पुन्हा उभं करायचं. गुरुजी म्हणत, "माणूस आत शिरला की त्याले त्रेपन्न साल लागलं पायजे." सरकीचा वास हवा, कंदिलाचा धूर हवा. जुना पत्रा गळायचा, तर हाही गळला पाहिजे; त्यासाठी डोमाजी झारी घेऊन शिडीवर बसणार होता. आणि जलसा हवा, त्याच श्रावणचा.

"म्हंजे माह्याच," ललिता म्हणाली.

"तेच तं सांगून राहिलो. मागून गाशीन ना?"

"गातो. पण नाव लागलं पायजे. आपली शालू आता वाचते."

शालू पहिलीत होती आणि दिसेल ते वाचत सुटायची. साबणाची वडी, बसची पाटी, तेलाचा डबा. घरातल्या एकाही वस्तूवर आईचं नाव नव्हतं. ते तिनं एकदा तरी कुठेतरी वाचावं, ललिताला एवढंच हवं होतं. ती आठ दिवस चुलीपुढं दबक्या आवाजात गात राहिली. तिकडे श्रावणनं आठ वर्षं पोसलेली मिशी उतरवली. धर्मपाल त्याला ओळखेना आणि पाहिलं की भोकाड पसरू लागला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी धर्मपालला शेजारच्या दुर्गाबाईंकडे ठेवायचं ठरलं होतं. पण दुर्गाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात हजर.

"मी बी क्लब पायतो व बाई. तवा बाया आत नोयत्या घेत. आता तं घेते ना?"

म्हणून धर्मपालही पडद्यामागं आला. ललिता त्याला मांडीवर घेऊन मागच्या दारानं शिरली, जशी तेव्हा शिरायची. मागच्या दारात "कोण?" असं विचारायला तेव्हाही कोणी नसे.

पुढच्या दारात मात्र डोमाजीनं अमरावतीहून आलेल्या साहेबांनाच अडवलं.

"कोण?"

"प्रमुख पाहुणा," साहेब म्हणाले.

"तसं नाई जमत. कोण?"

"वर्ग एक अधिकारी."

"साहेब," गुरुजी कानाशी लागले, "माणूस म्हना, नाईतं हा रातभर सोडत नाई."

साहेब एकदाचे माणूस झाले आणि पोत्यावर बसले. डोमाजी झारी घेऊन शिडी चढला.

ढोलकी आज त्याच्या पोरानं धरली होती, ती वाजली. श्रावणनं पदर सावरला आणि मागून आठ वर्षांनी तो आवाज उठला. "चाळ टाकले विहिरीत, पाटला, आता नाचत नाही..." शेड गप्प झालं. पहिलं कडवं संपलं तेव्हा ललिताला वाटलं, आपण अजून आहोत.

तेवढ्यात शालू पडद्याखालून आत सरकली. "माय, सापडलं. चार बोर्ड वाचले मी. तुह्यं नाव सापडलं."

"कुठं व?"

"भाईर, चहाच्या टेबलापाशी. 'चहा व बैठक: ललिताबाई.'"

दुसरं कडवं ललितानं कसं म्हटलं, तिचं तिला ठाऊक. तिसऱ्याला डोमाजीनं झारी उलटी केली. पण मांडववाल्यानं पत्रा उलटा बसवला होता, उतार मागं. पहिल्या रांगेला भिजवायचं पाणी पडद्यामागं येऊन धर्मपालच्या टाळूवर पडलं.

श्रावणनं हात उंचावून "पाटला" म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यातून आठ महिन्यांच्या पोराचं रडणं निघालं. त्यानं घाबरून तोंड मिटलं. रडणं चालूच. मिटल्या तोंडानं एवढं मोठं रडणारा माणूस साहेबांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. ते पुढं सरकले. श्रावणला मग सुचलं. त्यानं पदराचा बोळा केला, छातीशी धरला आणि झुलवू लागला.

"वा," कोणीतरी म्हणालं.

ललिता गाणं सोडून अंगाईवर आली. दुसरं करणार काय? "नीज रे राजा, सरकीच्या ढिगावरी..." श्रावण ओठ हलवू लागला. ही अंगाई त्यानं सहा वर्षं रोज एका खोलीत ऐकली होती, पण त्याला त्यातला एक शब्द येईना. डबक्याबाहेरच्या मासोळीसारखे त्याचे ओठ नुसते उघडत मिटत होते. लोकांना वाटलं, गहिवरलाय.

आणि मग ललिताच्या तोंडून चालीतच निघून गेलं, "नीज रे राजा, गप रे राजा, बाप तुझा लुगड्यात नटला... नाव तुझ्या आईचं, राजा, चहात बुडून आटलं..."

श्रावणनं तेही म्हटलं, म्हणजे ओठांनी. मान डोलावून, पदराच्या बोळ्याकडे मायेनं बघत. दुर्गाबाईंनी पदर तोंडात कोंबला. साहेबांनी रुमाल काढला.

"या मर्दाच्या काळजात आई आहे," असं भाषणात सांगून साहेबांनी श्रावणला शाल पांघरली. निघताना त्यांनी पोत्यांच्या पडद्याला बोट लावलं. "मागं काय होतं हो?"

"काई नाई साहेब," गुरुजी म्हणाले. "मोकळी जागा."

लोक पांगल्यावर ललितानं गुरुजींना गाठलं. "गुरुजी, तुमी शब्द देला होता."

"लावलं ना बाई नाव." गुरुजी नजर चुकवून कंदील विझवू लागले. "तुह्यं गाण्याचं लिवलं तं श्रावणचं गानं खोटं पडते. मंग लोक म्हनतीन, बाकीचं बी खोटंच असन. ढोरं सोडली ते, पाटील सोडला ते. तूच सांग, काय करू?"

ललिताला त्यातलं खोटं सापडेना, हेच वाईट होतं.

घरी जाताना धर्मपाल थंडीनं कुडकुडत होता. तिनं काही न विचारता नवऱ्याच्या खांद्यावरची शाल ओढली आणि त्याला गुंडाळलं. दहा पावलांत धर्मपालनं शालीचा यथायोग्य सत्कार केला.

"अवो, शाल," श्रावण म्हणाला. थोडं चालल्यावर हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेले सांगतो मी गुरुजीले."

ललितानं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शालू मात्र कधीची बोटाला लोंबकळत विचार करत होती.

"माय," ती म्हणाली, "बाबाच्या तोंडातून तुहा आवाज येत होता ना. मंग तुह्या तोंडातून कोनाचा येते?"