चार रकान्यांचं घर

परदेशात जाऊन सहा आठवडे निराधार वृद्धांची सेवा करायची, हा निर्णय आमच्या घरात सर्वानुमते झाला. सर्वानुमते म्हणजे मी बायकोला सांगितलं, मुलांनी मोबाइलमधून मान वर न काढता ‘हं’ केलं आणि बाबांना दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिसात निरोपसमारंभ झाला. साहेब म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. मला ते पटलं.

संस्था मोठी शिस्तीची. निघण्याआधीच तिने एकशे बारा पानांची मार्गदर्शिका हातात ठेवली. तिचा तिसरा भाग होता ‘यजमान कुटुंबात रुळणे’. यजमानांना नात्याने हाक मारावी. भांडी घासण्याची तयारी पहिल्या आठवड्यात तीनदा दाखवावी. दोनदा ते नको म्हणतील, तिसऱ्यांदा घासावी. दर शुक्रवारी रोजनिशी भरावी आणि घरची आठवण आली असल्यास ती सौम्य, मध्यम की तीव्र हे नमूद करावं.

माझं यजमान-घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर पितळी पाटी: ‘मान्यताप्राप्त यजमान-घर, दर्जा पहिला’. यजमान बस चालवायचे, ते दादा झाले. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची, त्या वहिनी. दोन कॉलेजातल्या मुली. मला खोली मिळाली ती झकास. मोठी खिडकी, लाकडी पलंग आणि भिंतीवर आठ जुनी घड्याळं, आठही चालू.

“सजावट छान केलीय,” मी म्हणालो. वहिनी कसंनुसं हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर टकटक. बाहेर एक म्हातारे गृहस्थ, हातात किल्ली.

“आत येऊ का?”

“या ना. आपण कोण?”

“घड्याळजी. किल्ली द्यायला आलोय.”

दर्जा पहिला म्हणजे घड्याळांना वेगळा माणूस असणारच, असं मी धरून चाललो. त्यांनी आठही घड्याळांना किल्ली दिली आणि जाता जाता म्हणाले, “उशी या बाजूला घ्या. तिकडे वारा थेट मानेवर येतो.” या माणसाला हे कसं ठाऊक, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी उशी तेवढी फिरवली.

चहाच्या वेळी मी विचारलं, “हे घड्याळजी राहतात कुठे?”

“पॅसेजमध्ये,” धाकटी मुलगी म्हणाली. “आजोबा आहेत ते आमचे.”

मग सगळं बाहेर आलं. यजमान-घराच्या फॉर्मवर कुटुंबीयांसाठी रकाने चारच होते. दादा, वहिनी, दोन मुली; झाले चार. आजोबा पाचवे. त्याखाली ‘रिकाम्या खोल्या’ असा रकाना होता. फॉर्मवर नसलेला माणूस ज्या खोलीत राहतो, ती खोली फॉर्मच्या दृष्टीने रिकामीच. तेव्हापासून आजोबा पॅसेजमधल्या अरुंद बाकावर झोपत होते. तो बाक मी कपड्यांसाठी आहे असं समजलो होतो आणि रात्री त्यावर माझा कोट टाकला होता.

“त्यांनीच सांगितलं हो, द्या म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “ते कधी कशाला नाही म्हणत नाहीत.”

मला फार वाईट वाटलं. “आजपासून मी बाकावर झोपतो. त्यांना त्यांची खोली द्या.”

दादांनी हातच जोडले. “असं नका करू. स्वयंसेवकाला खिडकीची खोली, हा नियम आहे. पॅसेजला खिडकी कुठाय? पाटी जाईल आमची. सगळ्या बिल्डिंगीत दर्जा पहिला आमचाच.”

तेव्हा शिकलेला माणूस करतो ती चूक मी केली. वर पत्र लिहिलं.

संस्थेच्या समन्वयक बाई फाइल आणि मोजपट्टी घेऊन आल्या. त्यांनी माणसं मोजली. पुन्हा मोजली.

“फॉर्मप्रमाणे चार. मग हे कोण?”

“माझे वडील,” दादा म्हणाले.

“असतील. नोंद नाही.”

“अहो, एकेचाळीस वर्षं राहतायत इथे.”

“एकेचाळीस वर्षं नोंदीशिवाय?” बाईंचा चेहरा गंभीर झाला. “हे तर तुम्ही सांगायलाच नको होतं.”

बाई निर्दय नव्हत्या. पाचवा रकाना छापायचा तर मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते आणि ती समिती वर्षातून एकदा बसते. पण कुटुंबीयांशिवाय या घरात राहू शकेल अशी आणखी एक वर्गवारी होती: स्वयंसेवक.

“आजोबा, होता का स्वयंसेवक?”

“खोली मिळेल?”

“मिळेल की. ज्येष्ठतेप्रमाणे.”

आजोबांनी तिथल्या तिथे सही ठोकली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी फाइल बघून सांगितलं की ज्येष्ठता नोंदणीच्या तारखेवरून धरतात. माझी नोंदणी मार्चमधली, आजोबांची आजची. म्हणजे ते मला कनिष्ठ; खोली माझीच, पॅसेज त्यांचा. पॅसेजला खिडकी नसल्यामुळे दाराच्या वरचा झरोका खिडकी म्हणून नोंदवण्यात आला.

“मग झरोक्याखाली मीच झोपतो की!” मी म्हणालो.

“आता वाटप झालं,” बाई म्हणाल्या. जाताना त्यांनी आठवण करून दिली की एका स्वयंसेवकाच्या खोलीत दुसऱ्या स्वयंसेवकाला प्रवेश नाही.

त्यामुळे किल्ली मी द्यायला लागलो. आजोबा सकाळी सहाला उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, पाऊल आत न टाकता. “डावीकडून तिसरं. हळू. अर्धाच फेरा. ते माझ्या बायकोचं आहे.” मी चुकलो की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि चौकटीपाशी थांबायचा. मला ते बघवत नसे. पण नियम मोडला तर त्यांची नवी नोंदणीही जायची, म्हणून मीही त्यांना ‘या’ म्हटलं नाही.

शुक्रवारी वहिनींनी आजोबांचा रुळण्याचा तक्ता भरला. भांडी घासण्याची तयारी: दाखवली. घरच्यांशी मिसळणे: समाधानकारक. रोजनिशी आजोबांनी स्वतः लिहिली. घरची आठवण येते का? ‘येते. भिंतीपलीकडेच आहे.’ बाईंनी त्यावर ‘सौम्य’ असा शेरा मारला, कारण अंतर कमी होतं.

स्वयंसेवक म्हटल्यावर सेवा आली. आजोबा माझ्यासोबत बसने वृद्धांच्या विसावा केंद्रात येऊ लागले. तिथे पेच पडला की यांना सेवा देणाऱ्यांत बसवायचं की घेणाऱ्यांत. वय बघता घेणाऱ्यांत बसवलं आणि त्यांना सोबत करायला माझी नेमणूक झाली. एका घरातून निघून, दोन बस बदलून, आम्ही रोज दोन तास समोरासमोर बसायला लागलो.

“तुमच्या घरी कोण कोण?” एकदा त्यांनी विचारलं.

“बायको, दोन मुलं. आणि बाबा.”

“बाबा झोपतात कुठे?”

“हॉलमध्ये. सोफा-कम-बेड आहे, चांगला मोठा. त्यांना टीव्हीही जवळ पडतो.”

“खोल्या किती?”

“तीन. एक आमची, एक मुलांची, एक...”

“पाहुण्यांची,” आजोबा म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

सहा आठवडे संपले. मी निघालो त्या सकाळी आजोबा न्हाव्याकडे जाऊन आले होते आणि त्यांची वळकटी बांधून तयार होती. पण पुढच्या स्वयंसेवकाची नोंदणी जानेवारीतली निघाली. त्याची बॅग मी निघायच्या आधीच खोलीत पोचली होती. त्याला टिकटिक सहन होत नसल्याने घड्याळं खोक्यात भरून बाकाखाली ठेवली गेली. मी आजोबांच्या पाया पडलो आणि मला रडू आलं. मार्गदर्शिकेत हा प्रकार ‘यशस्वीरीत्या रुळणे’ या सदरात मोडतो.

घरी आल्यावर माझे सत्कार झाले. मी हे सगळं भाषणात सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. मागच्या महिन्यात संस्थेचं पाकीट आलं: आता आपणही यजमान व्हा. आत तोच फॉर्म, तेच चार रकाने. माझं डोकंच फिरलं. मी, बायको, दोन मुलं असं लिहून समासात ठळक अक्षरांत पाचवी नोंद केली: ‘बाबा’. व्यवस्थेला कोणीतरी ठणकावायला हवंच होतं. त्याच झोकात पुढचा रकानाही भरला. रिकाम्या खोल्या: एक.

मी त्या खोलीतच लिहीत बसलो होतो. दारावर टकटक झाली.

“आत येऊ का रे?” बाबांनी विचारलं. त्यांची चादर तिथल्या कपाटात असते.

संस्थेने फॉर्म जास्तीचे पाठवलेत. तुम्हाला हवा असेल तर कळवा. रकाने चारच आहेत, पण आपल्या घरांतून अजून कोणाची तक्रार आलेली नाही.