टिटवीबाईंचा पहिला प्रोग्रॅम

एका जंगलात, बाळांनो, प्राणी राहायचे आणि त्या प्राण्यांचा अभ्यास करणारे विद्वानही राहायचे. तेही प्राणीच. हसू नका. दुसरं कोण असणार?

त्यातल्या टिटवीबाई बेडकांच्या जाणकार. अख्खं आयुष्य तळ्याकाठी काढलेलं. नुसत्या डरावण्यावरून सांगायच्या, हा आजारी आहे आणि तो उगाच नाटकं करतोय.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेले. तिथले विद्वान दिवसभर कॉम्प्युटर बडवत होते. झालं! परत आल्या आल्या फर्मान निघालं. "प्रत्येक विद्वानाने प्रोग्रॅमिंग शिकावं. नाहीतर घरी बसावं."

शिकवायला आले वटवाघूळसर. ते वडाला उलटे लटकून शिकवायचे. विद्यार्थ्यांच्या माना अवघडायच्या, पण सर म्हणायचे, "सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं."

"समजा, एक शर्टाचं दुकान आहे," सरांनी सुरुवात केली.

"सर, शर्ट म्हणजे?" मुंगूसभाऊंनी विचारलं. ते सापांचे अभ्यासक. त्यांचा प्रोग्रॅम चुकला, की ते तोच तीनदा चालवायचे आणि तिन्ही चुकीच्या उत्तरांची सरासरी काढायचे. शिवाय त्या दिवशीचं ऊन किती होतं, तेही टिपून ठेवायचे.

टिटवीबाईंची गाडी अडली ती मोजणीपाशी.

"मोजायला शून्यापासून सुरुवात करायची," सर म्हणाले. "पहिल्याचा क्रमांक शून्य, दुसऱ्याचा एक."

"अहो सर, पहिला बेडूक शून्य? समोर बसलाय की तो ढळढळीत!"

"बसू दे. क्रमांक शून्य."

बाई जिद्दीच्या. घोकून घोकून शिकल्या. पण या भानगडीत वर्षभर तळ्याकडे कुणी फिरकलंच नाही, आणि तळ्याचं पाणी नासलं. बाई मान चोळत परत आल्या, तेव्हा तळ्यात एकच बेडूक उरला होता. म्हातारा डुंबऱ्या.

"कुठे होतीस गं?" त्याने विचारलं.

"शिकायला गेले होते," बाई कशाबशा म्हणाल्या.

आता त्या राज्यात एक जुना कायदा होता. ज्या तळ्यात बेडूक आहे, ते बुजवायचं नाही. आणि प्रधान कोल्ह्याचा या तळ्यावर कधीपासून डोळा होता. त्याने लगेच दरबार भरवला. बाई डुंबऱ्याला सोबत घेऊनच आल्या.

दरबारात बाईंचा परीक्षेचा प्रोग्रॅम चालवला गेला. तळ्यातल्या शेवटच्या बेडकाचा क्रमांक तो दाखवायचा. पडद्यावर आलं, शून्य.

"शून्य बेडूक!" कोल्हा म्हणाला. "बुजवा तळं."

"अहो थांबा!" टिटवीबाई किंचाळल्या. "महाराज, एक बेडूक आहे. त्याचा क्रमांक शून्य आहे!"

"म्हणजे शून्यच की," महाराज म्हणाले.

"नाही हो, म्हणजे एक! हा काय, इथे बसलाय!"

महाराजांनी बेडकाकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग वर लटकलेल्या सरांना विचारलं, "प्रोग्रॅममध्ये काही चूक?"

"एकही नाही, महाराज," सर अभिमानाने म्हणाले. "वर्गातला सर्वांत उत्तम प्रोग्रॅम आहे."

आणि ते खरंच होतं हो! तिथेच तर घोळ झाला.

डुंबऱ्याने होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक दिली, "डराँव!"

महाराज दचकले. "हा कसला आवाज?"

"यंत्र गरम झालं असेल, महाराज," कोल्हा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तळं बुजलं. टिटवीबाईंना सुवर्णपदक मिळालं. ते गळ्यात घालून त्या ढसाढसा रडल्या. लोकांना वाटलं, आनंदाश्रू.

डुंबऱ्या कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. तळ्याच्या जागी आता मोठी इमारत आहे, बेडूक संशोधन संगणक केंद्र. टिटवीबाई तिथल्या प्रमुख. खोलीत पंखा आहे, खुर्चीला गादी आहे. काम मात्र काहीच नाही.

तात्पर्य : बेडूक मोजायचे असतील तर आधी कॉम्प्युटर शिकावा. तोवर बेडूक संपतात, आणि मग मोजणीत चूक व्हायची भीतीच राहत नाही.