एक किलोग्रॅम प्रति, चौ. सें. मी.

सन १९७९ च्या मार्चमध्ये आमच्या सोलापूरच्या जिल्हा प्रसूती वाहन कक्षाला एका परदेशी संस्थेकडून एक मोटार भेट मिळाली. माढा तालुक्यातल्या अडलेल्या बायांना वेळेत सोलापूरच्या दवाखान्यात पोचवायचं, एवढंच तिचं काम. तिच्या इंजिनात जादा हवा दाबून भरणारं टर्बो नावाचं यंत्र होतं, त्यामुळं ती चढाला धापा टाकत नसे. हवेचा दाब फार वाढला तर इंजिन फुटायचं, म्हणून चालकासमोर एक दाबमापक बसवला होता. मोटार उत्तम चालत होती, हीच पुढच्या सगळ्या प्रकाराची सुरुवात.

मी या कक्षात आवक-जावक लिपिक. एकोणीस वर्षांच्या सेवेत माझ्या पत्रात विरामचिन्हाची चूक निघालेली नाही. हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो.

जूनमध्ये तपासणी पथक आलं. पथकातल्या गृहस्थांनी मोटारीत बसून बघितलं, तर दाबमापकावरचे आकडे पौंडात. देशात मेट्रिक पद्धत येऊन कैक वर्षं झालेली. त्यांनी शेरा मारला, "सदर वाहन अवैध मापात धावत असल्याचे दिसून येते. मेट्रिक पद्धतीचा सुधारित दाबमापक बसवून तो प्रमाणित करून घेईपर्यंत वाहन जागेवर उभे करावे." मोटार त्याच दुपारी कार्यालयामागच्या लिंबाखाली उभी राहिली.

चालक होता कुंडलिक. माढ्याकडच्या एका वस्तीवरचा, रोजंदारीवर लागलेला. त्याची बायको येसूबाई सातव्या महिन्यात होती. तिची आधीची दोन लेकरं बैलगाडीतच गेली होती. दवाखाना दोन्ही वेळा लांबच राहिला. ही मोटार आली तेव्हा कुंडलिकनं तिला हार घातला होता, तो काही साहेबांना दाखवायला नव्हे.

"साहेब, दोन म्हैन्यात हुईल न्हवं समदं?" त्यानं विचारलं. "तवर तिचं दिवस भरत्यात."

आमचे साहेब त्रिंबकराव मनानं वाईट नाहीत. "दोन महिने? अरे, आठवड्याचं काम!" ते म्हणाले. आणि खरंच, काम आठवड्याचंही नव्हतं. मिलच्या बॉयलरवर काम केलेला सिद्धप्पा मिस्त्री आला, जुना दाबमापक काढून त्यानं नवा मोठा बसवला. मग मिलमधून आणलेलं एक गेज त्याला नळीनं जोडलं आणि हवा भरायचा पंप मारू लागला.

"बगा की साहेब. हे बॉयलरचं गेज हाय, हे खोटं बोलत न्हाय. दोन्ही काटे संगं चढले की झालं."

काटे जोडीनं चढले. एका जागी नवा काटा जरासा मागं राहत होता. सिद्धप्पानं पाठीमागचा स्क्रू चिमूटभर फिरवला, पुन्हा पंप मारला आणि हात पुसले. वीस मिनिटं लागली.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं की."

"मोटारीचं झालं. प्रमाणपत्राचं काय? तुमचं काम चोख आहे सिद्धप्पा, पण तुम्ही म्हणजे काही कागद नव्हे."

मग प्रमाणन शाखेला पत्र लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. सिद्धप्पानं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : कमाल दाब एक किलोग्रॅम प्रति चौ. सें. मी. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक किलो. मी टंकलेखन यंत्रावर बसलो. "एक किलोग्रॅम" इथं ओळ संपली. "प्रति" नव्या ओळीच्या आरंभी आलं. एकोणीस वर्षं "प्रति" या शब्दापुढं स्वल्पविराम देत आलेला हात. त्यानं तो दिला. त्याखालच्या ओळीवर "चौ. सें. मी." आपोआप गेलं, कारण "प्रति"च्या खाली साहेबाचं नाव असतं.

प्रमाणन शाखेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. "पत्राच्या पूर्वार्धातील एक किलोग्रॅम तपासला असता बरोबर आढळला. पत्राचा उत्तरार्ध मा. चौ. सें. मी. यांना उद्देशून असल्याने त्यावर या शाखेस अभिप्राय देता येत नाही. सबब पत्र परत."

"हे चौ. सें. मी. कोण?" त्रिंबकरावांनी विचारलं.

मला त्याच क्षणी माझा स्वल्पविराम दिसला. पण तो जावक नोंदवहीत चढलेला होता, आणि नोंदवहीत खाडाखोड केली तर खुलासा द्यावा लागतो. मी म्हणालो, "वरच्या कार्यालयातले असावेत."

"असणारच," साहेब म्हणाले. आपल्याला एखादा वरिष्ठ माहीत नाही, हे कोणता अधिकारी कबूल करील? "चौकशी विभागाचे दिसतात. मी मागं पुण्याला भेटलोय बहुतेक. उंचेपुरे आहेत."

मग मा. चौ. सें. मी. यांना पहिलं स्मरणपत्र गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याबरोबर पहिल्या दोहोंच्या नकला गेल्या. येसूबाईला आठवा संपून नववा लागला. कुंडलिक रोज सकाळी लिंबाखालची मोटार धुवायचा, दहा मिनिटं इंजिन चालू करून दाबमापकाकडं बघायचा आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"आलं का काय, भाऊसाहेब?"

"नाही रे."

"ते साहेब रजेवर हायत का?"

मला लाज वाटायची. मी मान खाली घालून टपाल लावत बसायचो.

ऑगस्टच्या शेवटी वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. त्यांनीही हे पद माहीत नाही असं म्हटलं नव्हतं. "चौ. सें. मी. हे पद तूर्त रिक्त असल्याने कामकाज खोळंबू नये म्हणून त्याचा अतिरिक्त कार्यभार श्री. त्रिंबकराव यांजकडे सोपविण्यात येत आहे." साहेबांनी पेढे वाटले. कुंडलिकनं पेढा हातात घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजी आता तुमीच सही करनार! लई बरं झालं, साहेब."

"कुंडलिक," साहेब गंभीर झाले, "पत्र लिहिणारा मी आणि उत्तर देणाराही मीच, असं कसं चालेल? स्वतःच्या मागणीवर स्वतः निर्णय घेणं नियमबाह्य आहे. तटस्थपणा म्हणून काही असतो की नाही? मी मार्गदर्शन मागवलंय."

सप्टेंबरच्या चार तारखेला सकाळी साडेअकराला माढ्याहून फोन आला. मीच घेतला. पलीकडं कुंडलिकचा मेहुणा ओरडत होता : येसूला पहाटेपासून कळा लागल्यात, बजाबाई सुईण म्हणती मूल आडवं हाय, एसटी सांजच्याला हाय, गाडी घिऊन या.

कुंडलिक साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "किल्ली द्या साहेब."

"बस. पाणी घे. मला तुझं दुःख कळतं, पण प्रमाणपत्राशिवाय..."

"काटा बराबर हाय, साहेब. सिद्धप्पानं तुमच्याम्होरं लावलाय."

"काटा बरोबर आहे हे मला त्रिंबक म्हणून ठाऊक आहे. चौ. सें. मी. म्हणून ठाऊक नाही."

कुंडलिक वळला. बाहेर येऊन त्यानं माझ्या टेबलामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली. मला उठून अडवता आलं असतं. मी नोंदवही उघडून तिच्यात तोंड घातलं. माझ्या सेवेतलं एवढं एकच काम मला सांगावंसं वाटतं.

दुपारी अडीचला मोटार दवाखान्याच्या दारात होती. पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप. काटा पूर्ण रस्ताभर लाल रेघेच्या आत होता, असं कुंडलिकनं आपल्या जबाबात लिहून दिलं. त्या वाक्यावरच तो सापडला. अप्रमाणित मापकाचं वाचन करून त्यावर विसंबल्याचा स्वतंत्र आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. चौकशी अधिकारी म्हणून मा. चौ. सें. मी. यांनी, कोणताही तटस्थपणाचा प्रश्न न येता, त्याला आठ दिवसांत कामावरून काढून टाकलं. मोटार पुन्हा लिंबाखाली आहे.

कुंडलिकला परत घ्यावं, मोटार सुरू करावी, असं एक निवेदन मी तयार केलं आहे. ते वाचून आमच्या कार्यालयात सगळे हळहळले. दोघांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. पण प्रत्येकानं विचारलं, "तुमची सही कुठाय?" मी म्हटलं, खालच्या माणसानं आधी सही करणं बरं दिसत नाही. त्यांनी म्हटलं, वरच्यानं करणं त्याहून बरं दिसत नाही.

वाचकहो, तुम्ही आमच्या खात्यात नाही. तुमची बढती कुणी अडवणार नाही. इथवर वाचताना तुम्ही कुंडलिकच्या बाजूचे होतात, मधूनमधून माझा रागही आला असेल, तो रास्तच आहे. निवेदन माझ्या टेबलावर साडेदहा ते साडेपाच असतं आणि पहिली ओळ तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. आज जमणार नसेल तर तसं कळवायची तसदी घेऊ नका. मी ते धरूनच चाललो आहे.