कदम सरांचा उणे एक

कदम सरांना भागाकाराची रेघ सोसत नसे. प्रकाशाची वारंवारता काढायची तर वेगाला तरंगलांबीनं भागा, असं पुस्तक म्हणे. सर फळ्यावर वेग लिहीत, शेजारी तरंगलांबी, आणि तिच्या डोक्यावर चिमुकला उणे एक. "झालं! रेघ कशाला? खालच्याला वर घ्या, डोक्यावर उणे ठेवा. लांबी वाढली की वारंवारता कमी, हे त्या उण्यातच आलं."

आम्ही कोल्हारजवळच्या एका शाळेत होतो. ते विज्ञानाला, मी मराठीला. मॅट्रिक अकरावीला होती तेव्हाची ही गोष्ट.

शाळेबाहेरही तोच कारभार. स्टँडवरच्या हॉटेलात ते "दोनचा उणे एक घात चहा" मागत. म्हणजे अर्धा. मालकानं एकदा दोन कप आणून ठेवले आणि म्हणाला, "ह्यातला कंचा उणा करायचा त्यो तुमीच करा." न्हाव्याला सांगितलं, "केस दोनच्या उणे दोन घाताइतके ठेव." पाव ठेवायचे होते. त्यानं फक्त 'उणे' ऐकलं. सर महिनाभर टोपी घालून शिकवत होते. वर म्हणत, "त्याची चूक नाही हो. पाया कच्चा आहे."

दहावीच्या वार्षिक परीक्षेला मात्र घोळ झाला. त्या वर्षी विज्ञानाचे पेपर राहुरीकडच्या एका मास्तरांनी तपासले. आमच्या वर्गातल्या सुमननं वारंवारतेचं गणित सरांच्याच रीतीनं सोडवलं होतं. मास्तरांनी तांबडी फुली मारून शेरा दिला, 'भागाकार कुठे आहे?' दोन मार्कांनी पोरगी नापास. तिचे वडील, रंगनाथराव, शाळेत आले. "लई झाली शाळा. आता न्हाई धाडीत तिला," म्हणाले आणि दाखला मागितला.

सरांनी सुमनचा पेपर पिशवीत घातला, सायकल काढली आणि मला कॅरिअरवर बसवलं. मे महिन्याचं ऊन. मास्तर घरीच होते, बनियनवर कलिंगड खात. सरांनी तासभर समजावलं.

"असलं चिन्ह मी पाहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "भागून दाखवा, मग बघू."

सरांनी खिशातला खडू काढून फरशीवर वर वेग लिहिला, खाली तरंगलांबी, आणि मध्ये रेघ ओढली. चांगली ठसठशीत. दोन्ही रीतींनी गणित केलं. उत्तर एकच आलं. मास्तरांनी दोनदा पडताळून पाहिलं आणि मार्क दिले.

परतताना आम्ही थेट सुमनच्या मळ्यात गेलो. ती पास झाल्याचं सांगितलं तेव्हा रंगनाथराव सरांच्या घामेजल्या सदऱ्याकडे बघत राहिले. "एवढ्या उन्हात तुमी ह्याच्यासाठी गेल्ता व्हय?" दाखल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सुमननं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. सर नुसतेच ताटाकडे बघत बसले.

"सर, जेवा की," ती म्हणाली.

"जेवतो गं. आमची मंडळी वारल्यापासून असं कुणी वाढलं नव्हतं."

त्यांनी भाकरी मोडली. दुसरी मागून घेतली.