आठ अकलांचे वाटे

रीता मॅडम ऊर्जानगरहून प्रशिक्षण घेऊन आल्या, त्या आठ रंगांच्या फितींचं गाठोडं घेऊनच. अक्कल एक नसते, आठ तऱ्हांची असते, हे त्यांच्या डोक्यात असं भिनलं की रस्त्यातल्या बकरीकडेही त्या थांबून बघत, हिची कोणती असेल म्हणून. त्यात उद्या साहेब वर्ग बघायला येणार. धडा फसला की बदली थेट जिवतीच्या डोंगरात, असं मॅडमच्या मनानं पक्कं घेतलेलं. म्हणून सकाळीच त्यांनी पोरांची पारख करून फिती टोचल्या: पिवळी गाण्याची, निळी हिशेबाची, लाल नाचण्या-धावण्याची, पांढरी आपल्याच मनात डोकावण्याची, आणि अशाच आणखी चार.

संध्याकाळी तलावावर मासे धरणारं सगळं गाव शाळेपुढे हजर. पुढे गोकुळा, पोरीचा हात धरून.

"मॅडम, चैतूले तीन फिती अन् माह्या दिव्यानीले एकच? मासोळी आमी सारखी वाटतो. मंग अक्कल काऊन नाई?"

"अहो बाई, अक्कल वाटता येत नाही. ती ज्याची त्याच्यात असते."

"मासोळी बी तलावातच असते जी. बाहेर काढली का वाटे घालाच लागते."

मॅडम प्रशिक्षणाची वही चाळू लागल्या. तलावावर मासोळीचे वाटे घालणाऱ्या देवाजीभाऊंनी साऱ्या फिती सोडवून घेतल्या आणि जितकी पोरं तितके सारखे वाटे ओसरीवर घातले. मासोळी वाटायच्या रिवाजाप्रमाणे म्हातारी मनकर्णा पाठ फिरवून बसली. देवाजीभाऊंनी एकेका वाट्यावर बोट ठेवून हा कोनाचा म्हणावं, तिनं न बघता नाव घ्यावं. त्या पाठीपुढे भांडायची गावात कोणाची टाप नाही. मॅडम मध्ये बोलू लागल्या, तर त्यांना चहा देऊन बाजूला बसवलं.

सकाळी साहेब आले, तेव्हा वर्गाचं सगळं उलटंपालटं. बाकावर कधी न टिकलेला निकेश पांढरी फीत लावून डोळे मिटून बसलेला, इतका गप्प की चिमणीनं त्याच्या डोक्यावर घरट्याची पहिली काडी ठेवली. फाटक्या आवाजाच्या चैतूच्या वाट्याला गाणं आलेलं. त्यानं सातचा पाढा असा उचलला की तलावावरची बदकं उडाली, ती म्हणे पार दूर माजरीला जाऊन उतरली. पण मागून सगळा वर्ग तोच पाढा घुमवायला लागला, आणि एकही पोर चुकेना!

साहेबांनी निळी फीत बघून दिव्यानीला विचारलं, पंधरा मासे चौघांत वाटले तर? आकडा दिसला की पळणारी ती पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जाळं कोनाचं हाय, साहेब? जाळ्याचा वाटा धरून पाच वाटे. तीन-तीन."

ही तर आकड्याला पळते, अन् तो निकेश बाकावर टिकत नाही, असं मॅडमच्या तोंडून निघूनच गेलं. साहेब खुर्ची सोडून उठलेच. ज्याला जे येत नाही तेच तो इतक्या हौसेनं करतो, असा वर्ग आपण जन्मात पाहिला नाही, कोणाला काय द्यायचं हे ठरवलं तरी कसं, असं विचारू लागले. मॅडम शब्द जुळवत होत्या, तोच दारातून गोकुळानंच सांगितलं, "पाठ फिरवून, साहेब. पाहून देल्लं का भांडन होते."

साहेब मॅडमकडे वळले. मग हळूच म्हणाले,

"तुम्ही इथंच राहा, मॅडम. आमच्या खात्यात बदल्याही अशाच होतात, पण इतकं खूश कोणी होत नाही."